मापासाठी

"तिकडे उभी राहा," ल्युदविक म्हणतो,
"थोडी डावीकडे. हां. मापासाठी."

सव्वीस वर्षं मी उभी राहतेय.
धबधब्याच्या पायथ्याशी, धरणाच्या भिंतीवर,
एका पडक्या चुनाभट्टीच्या तोंडाशी,
अंगात तोच लाल कोट,
कारण लाल लांबून दिसतो.
विहिरीची खोली पुरुषांत मोजतात;
आमच्या घरात उंची माझ्यात मोजली जाते.
बोव्हेत्सचा धबधबा : चौसष्ट तिल्का.
पिरानचा घंटेचा मनोरा : अठ्ठावीस,
मी टाचा उंचावल्या तर सत्तावीस.

तो इद्रियात लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितो,
आठवडाभर फळ्या, घनमीटर, उधारी.
रविवारी पहाटे साडेतीनचा गजर.
मी थर्मास भरते, पावात सॉसेज घालते
आणि लेसची उशी मागच्या सीटवर ठेवते,
टाचण्या, दोऱ्याची लाकडी रिळं, सगळ्यासकट.
कारण उजेडाला वेळ लागतो.
हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

सेचोव्हल्येच्या मिठागरात त्याला बगळा हवा होता.
बगळा आला तेव्हा तो काच पुसत होता.
एकदा थेट हंगेरीत गेलो, होर्तोबाजच्या माळावर,
सात तास गाडी हाकून, क्रौंच पाहायला.
क्रौंच आले, हजारांनी,
अंधार पडल्यावर.
नुसते ऐकले आम्ही, मान वर करून.
तोही फोटो आहे त्याच्याकडे : पूर्ण काळा,
खाली तारीख.
उजव्या कोपऱ्यात मी आहे म्हणे.

क्लबच्या प्रदर्शनात त्याचं एक चित्र लागलं,
कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी.
रेमश्कारबाईंनी चष्मा वर करून विचारलं,
"हा लाल ठिपका? डाग पडलाय का?"
"ते माप आहे," ल्युदविक म्हणाला.
मी शेजारीच होते,
हातात वाइनचा ग्लास, खऱ्या उंचीची.

त्सेर्क्नित्साच्या तळ्याची गोष्ट वेगळी.
ते असतं, आणि नसतं.
उन्हाळ्यात जमीनच ते पिऊन टाकते,
मग तळ्याच्या तळाशी माणसं गवत कापतात.
आम्ही तीनदा गेलो.
पहिल्यांदा गवत.
दुसऱ्यांदा गवत आणि ट्रॅक्टर.
तिसऱ्यांदा चिखल, आणि येर्नेय नावाचा म्हातारा कोळी
पालथ्या नावेवर बसून कांदा खाताना.
"आहे की," तो म्हणाला, पायाखाली बोट दाखवत,
"खाली गेलंय. येईल."
घरचं कुणी बाजारात गेल्यासारखं.

या नोव्हेंबरात आलं.
पार रस्त्याच्या कडेपर्यंत,
ढगांसकट, डोंगरासकट.
मी सवयीनं दार उघडून काठाकडे निघाले.
"नको," तो म्हणाला, "आज नुसतं तळं."

बरं.
गाडीत बसले. हीटर, मांडीवर उशी,
अर्ध्यावर राहिलेलं पान.
काचेतून त्याची पाठ.
वाकला, सरळ झाला, ट्रायपॉड उचलून
चार पावलं पुढे, सहा मागे,
स्वतःशीच काहीतरी पुटपुटत.
इतक्या वर्षांत मला त्याचं तोंडच दिसायचं,
तेही कॅमेऱ्यानं अर्धं झाकलेलं.
मागून कोटाची शिवण उसवलीय.
केव्हापासून, कुणास ठाऊक.

मग तो आला. काचेवर टकटक.
"डबकं वाटतंय," म्हणाला. "ये ना."

पलीकडचा डोंगर जांभळा व्हायला लागला होता,
पाण्यावर शेवटची पट्टी, बोटभर, पिवळी.
पाच मिनिटं, फार तर सहा.
मी काच इंचभर खाली केली.
"थांब जरा," म्हटलं,
"एवढं पान होऊ दे."
आणि पुढची टाचणी
शोधायला लागले, सावकाश.